डबा उघडायच्या आधी: बेसिनच्या काउंटरबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या वेळी कपाटांच्या रंगाबद्दल लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की बाथरूममधला बेसिनचा काउंटरसुद्धा रंगवता येतो, कुणाला हवं असेल तर विचारा. झालं! एवढे प्रश्न आले की कपाटं बिचारी बाजूलाच राहिली. बरेचसे एकसारखे होते म्हणून काही एकत्र केलेत, काहींना दोन ओळींत उत्तर दिलंय, रागवू नका.

ताई, आमचा बेसिनचा काउंटर मुळात पांढरा होता, आता पिवळट पडलाय आणि बेसिनच्या भोकाजवळ कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा आल्यात. नवीन बसवायचा म्हटलं तर नळ, बेसिन, खालचं कपाट सगळंच हलवावं लागणार. त्यापेक्षा रंग मारला तर चालेल ना? कुठला रंग आणू?

चालेल, पण कुठला रंग हा प्रश्न तिसरा आहे हो. पहिला प्रश्न म्हणजे काउंटर कशाचा आहे, आणि दुसरा म्हणजे त्याला रंगाची खरंच गरज आहे का. दहातले नऊ जण थेट तिसऱ्यावर उडी मारतात आणि मग मला पोपड्यांचे फोटो पाठवतात.

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून तो कल्चर्ड मार्बल वाटतोय. म्हणजे संगमरवराची भुकटी आणि पॉलिस्टर रेझिन एकत्र करून साच्यात ओतलेला, आणि वरून जेलकोटचा चकचकीत पातळ थर. ओळखायचा कसा, तर बहुतेक वेळा बेसिन आणि काउंटर एकाच तुकड्यात असतात, मध्ये सांधाच नसतो. हात लावला तर खऱ्या दगडासारखा गार लागत नाही, नखाने टकटक केलं तर प्लास्टिकसारखा आवाज येतो. भोकाजवळच्या त्या रेघा गरम-गार पाण्याने येतात, जेलकोट पुन्हा पुन्हा फुगतो-आकसतो आणि शेवटी तडकतो.

आता खूशखबर. पिवळेपणा आणि निस्तेजपणा वरवरचा असेल तर रंगच नको! वॉटर पेपर घ्या, ६०० नंबरपासून सुरू करून १०००, मग २००० पर्यंत जा, पाणी मारत मारत हलक्या हाताने घासा आणि शेवटी गाडीला लावतात तसलं पॉलिशिंग कंपाऊंड कापडाने फिरवा. पण जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटरच असतो, त्यामुळे एकाच जागी जोर काढत बसलात तर खालचा थर उघडा पडेल आणि मग रंगाशिवाय इलाज नाही. आधी साबणाची बाटली जिथे ठेवता त्या कोपऱ्यात हातभर जागा करून बघा. रेघांमध्ये नख अडकत असेल तर त्या खोल आहेत, त्या घासून जाणार नाहीत, तिथे इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग मिसळले की कडक होणारं) फिलर भरून मग रंगच.

काउंटर सनमायकाचा असेल तर कडेला बघा, वरच्या पातळ पत्र्याच्या जाडीची एक काळपट किंवा तपकिरी रेघ दिसते. हा पत्रा म्हणजे रेझिनमध्ये भिजवून दाबलेले कागद, बाकी काही नाही. (गंमत म्हणजे अशा पत्र्याचा शोध १९१२ साली लागला तो विजेच्या कामात मायका म्हणजे अभ्रकाच्या जागी वापरायला, म्हणून नाव पडलं फॉर्मायका. आपण बोलतो तो सनमायकासुद्धा कंपनीचाच शब्द, पण आता कुठल्याही पत्र्याला तेच म्हणतात.) सनमायका घासून चमकवता येत नाही, वरचा डिझाईनचा कागदच निघून येतो, त्याला रंग हाच उपाय. आणि सगळी जाडी एकाच रंगाची असेल, मॅट असेल, तर ते सॉलिड सरफेस. त्याला कृपा करून रंग मारू नका, ते मूळचंच घासून नवीन करता येतं.

आता रंगवायचंच ठरलं तर माझी पद्धत सांगते. नळ काढता आला तर काढा, नसेल काढायचा तर निदान त्याच्या बुडाशी असलेली सिलिकॉनची रेघ पूर्ण खरवडा. पूर्ण म्हणजे पूर्ण. मग भांड्याच्या साबणाने धुवा, पाण्याने धुवा, वाळू द्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. त्यानंतर २२० नंबरचा पॉलिश पेपर, चकाकी मरेपर्यंत, आरशासारखा एकही ठिपका राहता कामा नये, लाईट तिरपा पाडून बघा. पुन्हा पुसा. मग बाँडिंग प्रायमर, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा, भिंतीचा प्रायमर नव्हे. मग फोमच्या छोट्या रोलरने रंगाचे दोन-तीन पातळ हात. रंग दोन डब्यांचा इपॉक्सी घेतलात तर सगळ्यात टिकाऊ, चांगला इनॅमलही चालतो पण त्यावर ट्रान्सपरंट पॉलियुरेथेनचे दोन हात हवेतच. डबा लहान आणा. १२० बाय ५५ सेंटीमीटरचा काउंटर म्हणजे जेमतेम पाऊण चौरस मीटरसुद्धा नाही, आणि एक लिटर इनॅमल एका हातात साधारण दहा चौरस मीटर जातो, म्हणजे तीन हातांना पाव लिटर बास.

तुम्ही म्हणता तसं सगळं केलं म्हणजे आमच्या पेंटरने केलं, आणि तीन महिन्यांत बेसिनच्या कडेने रंगाचे पोपडे! नखाने ओढलं तर आख्खी पट्टी निघते. रंगच फालतू होता का?

रंगाला शिव्या देण्याआधी ती निघालेली पट्टी उलटी करून बघा. हे मी सगळ्यांनाच सांगते कारण पोपडा खोटं बोलत नाही. मागची बाजू स्वच्छ, गुळगुळीत, आणि खालचा काउंटर पण मूळचा चकचकीत दिसतोय? मग रंगाने धरलंच नव्हतं, म्हणजे घासलं नाही किंवा तेलकटपणा राहिला. पट्टीला मागे प्रायमर चिकटून आलाय? मग प्रायमर चुकीचा किंवा त्याच्या खाली घाण. प्रायमर काउंटरलाच राहिलाय आणि फक्त रंग सुटलाय? मग दोन हातांच्या मध्ये काहीतरी गडबड, बहुधा मधल्या काळात बाथरूम वापरलं गेलं आणि साबणाचे शिंतोडे पडले.

फक्त बेसिनच्या कडेनेच सुटतोय म्हणजे माझी पैज सिलिकॉनवर. सिलिकॉनवर कुठलाच रंग धरत नाही, आणि खरवडून काढलं तरी त्याचा डोळ्याला न दिसणारा थर मागे राहतो, जो साबणाने जात नाही. त्याच्यासाठी सिलिकॉन रिमूव्हर मिळतो, तो लावून, थांबून, घासून, मग पुसायचं. मी माझ्या पहिल्या काउंटरला हे केलं नव्हतं, ब्लेडने रेघ काढली आणि झालं असं समजले. पहिला हात मारला तसा रंग जागोजागी मागे सरकून गोल गोल डोळे तयार झाले, माशाचे डोळे म्हणतात त्यांना, मी म्हटलं दुसऱ्या हातात भरतील, तिसऱ्या हातात भरतील. नाही भरले. सगळा रंग खरवडून पुन्हा शून्यापासून, आणि तेव्हापासून मी सिलिकॉनच्या बाबतीत जरा वेडी झालेय.

दुरुस्ती अशी. सुटलेला भाग कुठपर्यंत आहे ते टेप लावून तपासा: ब्लेडने बारीक चौकड्या मारा, त्यावर चिकटपट्टी दाबून लावा, झटकन ओढा. जिथे चौकड्या टेपबरोबर येतात तिथपर्यंत काढावंच लागेल. अर्ध्याहून जास्त येत असेल तर ठिगळं लावत बसू नका, सगळं काढा. आणि नवीन सिलिकॉन रंग मारून आठवडा झाल्यावर भरा, आधी नाही.

इपॉक्सी ओतून पाच दिवस झाले. बाकी सगळं काचेसारखं झालंय पण मध्येच दोन-तीन ठिकाणी हाताएवढे चिकट डाग आहेत. वरून थोडं हार्डनर लावलं तर वाळतील का?

नाही! हार्डनर म्हणजे वाळवायचं औषध नाही, ती रेझिनबरोबर ठरलेल्या प्रमाणात जोडी जुळवणारी गोष्ट आहे, एकाला एक किंवा दोनाला एक, डब्यावर जे लिहिलंय ते. जास्त घातलं तर लवकर वाळत नाही, उलट जास्तीचं तसंच चिकट राहतं.

तुमच्याकडे काय झालं ते मी न बघता सांगते. मिश्रण ओतून झाल्यावर कपाच्या कडेला लागलेलं काठीने ओरबाडून काउंटरवर झटकलंत ना? कपाच्या भिंतीला जे चिकटलेलं असतं ते कधीच नीट मिसळलेलं नसतं. म्हणून मी दोन कप वापरते, पहिल्यात तीन मिनिटं ढवळायचं, कडा आणि बूड खरवडत, मग ते दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा मिनिटभर ढवळायचं आणि ओतून झाल्यावर कप उपडा करून ठेवून द्यायचा नाही, की खरवडायचा पण नाही. थोडं वाया गेलं तर जाऊ दे.

आता उपाय: चिकट भाग प्लास्टिकच्या पट्टीने पूर्ण खरवडा, अल्कोहोलने पुसा, आजूबाजूचा कडक भाग पॉलिश पेपरने खरखरीत करा आणि आख्ख्या काउंटरवर नवीन पातळ थर द्या. फक्त खड्डे भरलेत तर ते बेटांसारखे दिसत राहतील. मोजमाप सोपं आहे, एक लिटर इपॉक्सी एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर जाडीने पसरतं, तुमचा काउंटर पाऊण चौरस मीटर असेल आणि एक मिलिमीटर हवा असेल तर पाऊण लिटर, अधिक कडेवरून ओघळणारं.

आणि एक, सगळं एकदम मिसळून कपातच ठेवून फोनवर बोलत बसू नका. इपॉक्सी जमताना स्वतःच गरम होतं, खोल कपात ती उष्णता अडकते आणि मिश्रण धूर सोडत एकदम दगड होतं. मिसळलं की ओता. नायट्राईलचे हातमोजे घाला, इपॉक्सीची ॲलर्जी एकदा लागली की कायमची राहू शकते. हाताला लागलंच तर थिनरने पुसू नका, साबण-पाण्यानेच धुवा.

थंडीत काम केलं तर दुसऱ्या दिवशी इपॉक्सीवर मेणचट तवंग आला, फोडणीच्या तेलाचा हात लागल्यासारखा. काय आहे हे?

हवेतला ओलावा आणि गारवा. हार्डनरमधल्या अमाईनची हवेतल्या पाणी आणि कार्बन डायऑक्साईडशी गाठ पडते आणि हा थर तयार होतो. तो पाण्यात विरघळतो, त्यामुळे कोमट पाणी आणि घासणीने धुवा, थिनरने नुसता फासला जाईल. धुवून, वाळवून, घासून मगच पुढचा हात, नाहीतर वरचा थर सुटेल. पुढच्या वेळी खोली २० ते २५ अंशांत ठेवा आणि काम चालू असताना शेजारी कुणाला गरम पाण्याची आंघोळ करू देऊ नका.

आमचा काउंटर ग्रॅनाईटचा आहे, काळा, कंटाळा आलाय त्याचा. पांढरा करता येईल?

येईल. करू नका. दगड दीडशे वर्षं टिकेल, तुमचा रंग फार तर काही वर्षं, आणि मग तो खरवडताना मला शिव्या द्याल. त्यापेक्षा भिंत, आरसा, नळ बदला.

आणि संगमरवर? बेसिनजवळ पांढुरके गोल डाग पडलेत, घासले तरी जात नाहीत, दिवसेंदिवस वाढतातच.

घासून जाणार नाहीत कारण तो डाग नाहीच, ती जखम आहे. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल लागलं की विरघळतं. लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर, काही फेसवॉशसुद्धा. तुम्ही डाग काढायला काय वापरताय ते लिहिलं नाहीत, पण "दिवसेंदिवस वाढतात" यावरून मला शंका आहे की औषधच दुखणं वाढवतंय! बंद करा आधी.

हलकी जखम असेल तर मार्बल पॉलिशिंग पावडर ओल्या कापडाने गोल गोल फिरवून चमक परत येते. खोल असेल तर डायमंड पॅडने ओलं घासावं लागतं, जाड नंबरपासून बारीकपर्यंत, हे मात्र येणाऱ्या माणसाकडून करून घ्या आणि तो कोरडं घासायला लागला तर थांबवा, दगडाची धूळ फुप्फुसाला वाईट. शेवटी आत मुरणारा सीलर. पण सीलर पाण्याचे-तेलाचे डाग अडवतो, आम्ल नाही अडवत, त्यामुळे सीलर लावला म्हणून लिंबू घेऊन सुटू नका. आणि संगमरवराच्या सांध्यात न्यूट्रल क्युअर सिलिकॉन भरा, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते ॲसिडिक असतं, ते नको.

रंगवलेल्या काउंटरवर केस सरळ करायची मशीन ठेवली गेली आणि काळपट दबलेला पट्टा उमटला. मुलगी म्हणते तिने फक्त मिनिटभर ठेवली होती.

मुलगी खरं बोलतेय, मिनिटभर पुरतं. ती पट्टी दोनशे अंशांच्या आसपास तापते, आणि घरच्या तापमानाला जमणारं साधं इपॉक्सी पन्नास-साठ अंशांनाच मऊ पडायला लागतं. पट्टा घासून सपाट करा आणि एक हात पुन्हा. यापुढे मशीनखाली सिलिकॉनची चटई, किंवा सरळ भिंतीला हूक. नेलपॉलिश रिमूव्हरचं पण तेच, त्यातलं ॲसिटोन रंग मऊ करतं. केसांच्या डायचे थेंब लगेच पुसा, उद्यावर ढकललंत तर ते राहायलाच येतात.

बेसिनच्या शेजारी सनमायका वर उचललाय आणि खालचा बोर्ड फुगून पुरीसारखा झालाय. इपॉक्सी ओतून सपाट करता येईल का?

नाही हो. पार्टिकल बोर्ड एकदा पाणी पिऊन फुगला की परत बसत नाही, त्यातला भुसा सुटा होतो. वरून इपॉक्सी ओतलंत तर पाणी आत कोंडेल आणि कुजणं चालूच राहील. आधी गळती शोधा, नळाच्या बुडाशी आणि बेसिनच्या खालून हात फिरवून बघा. थोडासाच, कडेचा भाग फुगलेला असेल तर तो कापून, वाळवून, इपॉक्सी पुट्टीने बांधता येतो, पण तळहातापेक्षा मोठा असेल तर नवीन काउंटरच घ्या. रंगाने लपतं, बरं होत नाही.

टाईल्सच्या काउंटरला रंग मारला पण जॉइंटच्या रेघा दिसतातच.

दिसणारच, रंग म्हणजे लांबी (पुट्टी) नव्हे. आधी रेघा इपॉक्सी फिलरने टाईलच्या पातळीला भरा, दोन वेळा, कारण पहिल्यांदा भरलेलं थोडं खाली बसतं, मग घासा, मग प्रायमर.

वास फार येतो, मास्क लावला होता तरी डोकं धरलं.

तुमचा मास्क धुळीचा होता. एन-९५ धूळ अडवतो, थिनरची वाफ त्यातून आरामात जाते. वाफेसाठी कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. त्याहून मोठी गोष्ट हवा, पंखा खिडकीत बाहेर तोंड करून लावा आणि दार थोडं उघडं. गॅसचा गिझर बाथरूममध्ये असेल तर काम चालू असेपर्यंत आणि वास जाईपर्यंत बंद, थिनरची वाफ आणि ज्योत एकत्र नको. दोन डब्यांचा पॉलियुरेथेन स्प्रेने मारायचं तर घरी अजिबात करू नका, त्यात आयसोसायनेट असतं, दमा लागू शकतो. आणि घर जुनं असून काउंटरवर आधीचे रंगाचे थर असतील तर कोरडं घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

शनिवार-रविवारात उरकेल का? घरात एकच बाथरूम आहे.

रंगवणं उरकेल, वापरणं नाही. हा गोंधळ सगळ्यांचा होतो म्हणून नीट सांगते. बोटाला चिकटत नाही म्हणजे वाळला, पण वाळला म्हणजे पिकला नव्हे. इनॅमलला पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात, इपॉक्सीला साधारण सात दिवस. चोवीस तासांनी हलक्या हाताने वापरता येतो पण त्यावर साबणाची बाटली ठेवलीत तर खाली गोल ठसा उमटेल आणि तो कायमचा.

मी असं करते, शुक्रवारी रात्री नळ काढून, सिलिकॉन खरवडून, धुऊन ठेवायचं. शनिवारी सकाळी घासणं आणि प्रायमर, संध्याकाळी पहिला हात, रविवारी दुसरा, आणि वाटलं तर संध्याकाळी तिसरा. हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळा, इनॅमलचा दुसरा हात घाईने मारलात तर खालचा थर सुरकुततो, म्हाताऱ्याच्या हातासारखा. सोमवारी सिलिकॉन भरायची घाई करू नका, आठवडाभर थांबा आणि तोपर्यंत काउंटरवर पाण्याचा थेंबही उभा राहू देऊ नका. नळ जोडायचा तर आधी वॉशर रंगाला चिकटणार नाही इतका वेळ जाऊ द्या, आणि पान्याने दाबताना खाली जुनं कापड घ्या, नाहीतर आठवडाभराची मेहनत एका सटक्यात टवका उडून जाईल. दात घासायला बादली आणि पाण्याचा मग घेऊन आंघोळीच्या कोपऱ्यात बसा, चार दिवसांचा प्रश्न आहे. ब्रश, पेस्ट, दाढीचं सामान आजच एका डब्यात भरून ठेवा, म्हणजे सवयीने कुणी ओल्या रंगावर ठेवणार नाही.